स्टीलचा डबा आणि शंभर डॉलर

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. पुण्याहून आत्याचा फोन आला. (आत्या हा ब्लॉग वाचते. नातवाकडून अक्षरं मोठी करून घेते आणि वाचते. तेव्हा आत्या, नमस्कार.) तिचा फोन एरवी रविवारी सकाळी येतो. हा आला शुक्रवारी, त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा. पण प्रकृतीबिकृतीचं काही नव्हतं. आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "काय रे, ते फँटसी का काय, ते तू तिकडे चालवतोस ना? त्याच्यावर बंदी आली म्हणे. पेपरात छापून आलंय. पोलीस नाहीत ना यायचे तुझ्याकडे?"

मी हसलो, तिला समजावलं, फोन ठेवला. आणि त्याच आठवड्यात आमच्या लीगमधल्या एका मित्राची सगळ्यांना मेल आली. मजकूर दोनच ओळींचा. "या वर्षी परत पैसे लावूया. शंभर-शंभर डॉलर. त्याशिवाय कोणी मनावर घेत नाही."

म्हणजे बघा. एकीकडून मी जुगारी, आणि दुसरीकडून मी पैसे लावू देत नाही म्हणून अरसिक! आत्याला मी फोनवर उत्तर दिलं. मित्राला मेलवर देणार होतो, पण लिहिता लिहिता ते इतकं लांबलं की म्हटलं ब्लॉगवरच टाकावं. गेली बरीच वर्षं हे मनात साचलंय. "पैशाशिवाय कोणी मनावर घेत नाही" हे वाक्य मी इतक्या लोकांकडून आणि इतक्या ठामपणे ऐकलंय की आता ते ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आज ती तिडीक इथे उतरवतो. ज्यांना हॉकीशी देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा हॉकीचा नाहीच.

आधी नातेवाईकांसाठी थोडी पार्श्वभूमी. हॉकी म्हणजे इथली, बर्फावरची. ध्यानचंदांची नव्हे. एनएचएल ही इकडची मोठी व्यावसायिक लीग. ३२ संघ, ऑक्टोबर ते एप्रिल मोसम, २०२५-२६ मध्ये प्रत्येक संघाचे ८२ सामने. आमची लीग म्हणजे त्या लीगच्या सावलीत मांडलेली भातुकली. आम्ही दहा जण. मोसमाआधी एका रात्री जमायचं आणि पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंची नावं उचलायची. पहिल्या फेरीत एक ते दहा, दुसऱ्या फेरीत उलट दहा ते एक, अशी नागमोडी. हा ड्राफ्ट. एक खेळाडू एकाच्याच संघात. मग त्या खेळाडूंनी प्रत्यक्षात जे केलं (गोल, असिस्ट, गोलावर मारलेले फटके, अडवलेले फटके, गोलकीपरने जिंकलेले सामने) ते आपल्या खात्यात जमा. दर आठवड्याला दोघादोघांची जोडी लागते आणि जास्त रकान्यांत जो पुढे तो जिंकतो.

सोपं वाटतं, पण यात एक मेख आहे. संघ रोज मांडावा लागतो. आज कोणाचा सामना आहे, कोण जखमी आहे, कोणाला बाकावर बसवायचं, हे रोज रात्री पाच मिनिटं बघावं लागतं. एखाद्याने बघणं सोडलं तर नुकसान त्याचं एकट्याचं होत नाही. त्या आठवड्यात जो त्याच्यासमोर असेल त्याला फुकटचा विजय मिळतो, आणि ज्यांनी त्याला नोव्हेंबरात घाम गाळून हरवलेलं असतं ते चडफडतात. सोडून दिलेला संघ हा या खेळाचा खरा रोग. आणि पैसे हे त्यावरचं औषध, असं समजलं जातं. सगळं भांडण इथेच आहे, तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला कमिशनर म्हणतात. शब्द भारदस्त आहे, काम सोसायटीच्या सेक्रेटरीचं. पगार शून्य आणि पाणी आलं नाही की पहिली शिवी त्याला.

मी मिसिसागात आलो सप्टेंबर २००४ मध्ये. नेमका तो मोसम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात आख्खाच्या आख्खा रद्द झाला. ऑफिसातले लोक हिवाळाभर सुतकात असल्यासारखे. मला कळेना, कोण गेलं? पुढच्या वर्षी हॉकी परत आली आणि सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी माणसं बोलायला लागली. मी आपला कप हातात धरून हसल्यासारखं करायचो. लीफ्स १९६७ नंतर जिंकलेले नाहीत एवढी एकच गोष्ट मला ठाऊक होती. तीही बोलून दाखवायची नसते, हे बोलून दाखवल्यावर कळलं.

२००६ च्या शरदात आम्ही काही नवखे एका मित्राच्या बेसमेंटमध्ये जमलो आणि लीग काढली. आठ मराठी, एक गुजराती आणि एक न्यूफाउंडलंडचा शेजारी, जो तोवर ठेच्याच्या व्यसनात पडला होता. दहापैकी नऊ जणांना बर्फावर धड उभं राहता येत नव्हतं. संघांची नावं: बर्फातले बाजीराव, पेनल्टी पाटील (याचं आडनाव पाटील नाही), गोठलेले गोखले (याचंही नाही), शेजाऱ्याचा कॉड आणि ठेचा, माझा आईस पाईस. यापुढे मंडळींचा उल्लेख याच नावांनी करतो, म्हणजे कोणाची अब्रू जायला नको.

त्या लीगने आम्हाला काय दिलं? सांगतो. इथला हिवाळा सहा महिन्यांचा. पाच वाजता अंधार. माणसं ऑफिसातून घरी आणि घरातून ऑफिसात. आठ-आठ आठवडे एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही, आणि कोणी भांडलेलं नसतं बरं का, नुसतं राहून जातं. लीग आल्यावर दर आठवड्याला कोणीतरी कोणाच्या तरी समोर असायचंच. "तुझा गोलकीपर आज पाच खाऊन बसला" एवढं सांगायला फोन व्हायचा आणि मग पाऊण तास आईचे गुडघे, मुलाची शाळा, ग्रीन कार्डवाल्या भावाची रड, सगळं निघायचं. हॉकी हे निमित्त होतं हो.

आता पैशांची गोष्ट. २०१२-१३ चा मोसमही असाच भांडणात अर्धा गेला. १९ जानेवारी २०१३ ला सुरू झाला, प्रत्येकी ४८ सामने. आमच्यातल्या तिघांनी त्या वर्षी संघ सोडून दिले. सप्टेंबरात बैठक झाली आणि एकाने तोडगा काढला, शंभर-शंभर डॉलर लावायचे. हजार जमतील. पहिल्याला सहाशे, दुसऱ्याला तीनशे, तिसऱ्याला शंभर. "खिशाला चटका बसला की माणूस लक्ष देतो."

हा तोडगा काढणारा मीच. तेव्हा पुढे जे लिहितोय ते दुसऱ्यांवर दुगाण्या झाडण्यासाठी नाही.

२०१३-१४ मध्ये काय झालं ते क्रमाने सांगतो. पहिल्यांदा नियम वाढले. सात वर्षं आमचे नियम एका कागदावर मावत होते. जानेवारीपर्यंत त्याची नऊ पानं झाली. गोलकीपरची सरासरी चांगली आहे म्हणून रविवारी त्याला बाकावर बसवणं ही आधी चलाखी होती, हसून कौतुक व्हायचं. आता ती "पळवाट" झाली आणि ती बुजवायला कलम आलं. मग फोन कमी झाले. कोण जखमी आहे, कोणाकडे लक्ष ठेवायला हवं, हे आधी आम्ही एकमेकांना आपणहून सांगायचो. आता बातमी ही माहिती झाली आणि माहिती ही दडवायची वस्तू.

आणि सोडून दिलेले संघ? ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याचं काय झालं? जानेवारी संपेपर्यंत चार संघ ओसाड. आदल्या वर्षी तीन होते!

हे मला तेव्हा अजब वाटलं. आता वाटत नाही, कारण हिशेब अगदी सोपा आहे. दहा जणांतल्या तिघांनाच पैसे मिळणार. ऑक्टोबरात दहाही जणांना वाटतं आपण त्या तिघांत. नाताळपर्यंत आठव्या, नवव्या, दहाव्याला स्वच्छ दिसतं की आपण नाही. त्याचे शंभर गेलेले असतात, आणि रोज रात्री पाच मिनिटं घालवून ते परत येणार नसतात. मग त्याने का बघावं? पैसा ज्याला लक्ष द्यायला लावतो तो मुळात जिंकत असतो. त्याला चटक्याची गरज नव्हतीच. गरज होती ती तळाच्या माणसाला, आणि नेमकं त्यालाच हा उपाय सांगतो की बाबा रे, तुझं काम संपलं, आता तू गेलास तरी चालेल. औषध ज्याच्यासाठी आणलं त्यालाच ते लागू पडत नाही. वर त्याच्या जखमेवर शंभर डॉलरचं मीठ.

इथपर्यंत हिशेबाचं झालं. पुढचं सांगताना मला अजून अवघडायला होतं.

जानेवारीच्या शेवटी पेनल्टी पाटील नवव्या नंबरावर होता. त्याच्याकडे ॲनाहाइमचा कोरी पेरी होता, त्या वर्षी सुसाट सुटलेला. पाटलाने हा पेरी दिला बर्फातल्या बाजीरावांना, आणि बदल्यात घेतला स्टीवन स्टॅमकोस. स्टॅमकोस मोठाच खेळाडू, २०११-१२ मध्ये ६० गोल मारलेला. पण ११ नोव्हेंबर २०१३ ला बोस्टनमध्ये तो गोलच्या खांबावर आदळला होता आणि त्याचं नडगीचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून तो बाहेर. म्हणजे तळाचा संघ आपला धडधाकट मोहरा देऊन लंगडा घेतोय. बरं, बाजीराव दुसऱ्या नंबरावर. आणि बाजीराव हा पाटलाचा सख्खा मेहुणा.

दोन तासांत माझ्याकडे चार तक्रारी. संगनमत आहे, पैसे वाटून घेणार आहेत, रद्द कर. नऊ पानांत कलम होतंच. मी सौदा रद्द केला. पाटलाला फोन न करता, चार ओळींची सूचना लिहून.

त्याचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "शंभर डॉलरसाठी मी चोर ठरलो का रे?" आणि ठेवला.

पुढच्या दोन्ही वर्षी तो माझ्याकडे गणपतीला आला नाही. बायका आपसात बोलत, मुलं एकमेकांच्या वाढदिवसांना जात. आम्ही दोघं पार्किंग लॉटमध्ये भेटलो तर "थंडी वाढली" एवढं म्हणत असू.

बऱ्याच काळाने त्याच्या बायकोकडून कळलं ते असं. त्या वर्षी पाटलाचा संघ पाटील चालवतच नव्हता. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा चालवत होता. संघ तळाला गेल्यावर सोडून द्यायच्या ऐवजी त्याने तो पोराच्या हातात दिला होता, रोज रात्री दोघं मिळून मांडायचे. स्टॅमकोस मार्कमचा, म्हणजे आमच्या इथून तासाभरावरचा, आणि पोराच्या खोलीत त्याचं पोस्टर. पोराला तो हवा होता. मोडक्या नडगीसकट हवा होता. म्हणजे आख्ख्या लीगमध्ये ज्या एका तळाच्या माणसाने संघ सोडला नव्हता, उलट घरातलं आणखी एक माणूस त्यात ओढलं होतं, त्यालाच आम्ही चोर ठरवलं. आणि स्टॅमकोस? मार्चमध्ये तो परत आला आणि टँपा बेचा कप्तानही झाला.

तरी मी अजून सगळं सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात तिसऱ्या नंबरावर कोण होतं? आईस पाईस. मी. पेरी बाजीरावांकडे गेला असता तर तीनशेवरचा माझा दावा संपला असता. सौदा रद्द करताना माझ्या मनात हे नव्हतं असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलोय. आता सांगत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं. दोनशे डॉलरच्या फरकासाठी खाल्लं, आणि ढेकर दिला नियमाच्या नावाने.

माझा मुद्दा हाच आहे. पैसे आले की माणसं वाईट होतात असं नाही. आमच्यातलं कोणीही वाईट नव्हतं. पण पैसे आले की प्रत्येक वेडेपणाचा अर्थ बदलतो. आधी पाटलाने असा सौदा केला असता तर आम्ही आठवडाभर त्याची टिंगल केली असती आणि त्या टिंगलीत पोराची गोष्ट आपोआप बाहेर आली असती. पैशाने आमच्याकडून टिंगल काढून घेतली आणि संशय दिला. मित्रांच्या खेळात वेडेपणाला जागा हवी. जिथे प्रत्येक निर्णयाचा खुलासा करावा लागतो ते ऑफिस, आणि ऑफिस आम्हाला आहेच.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. एक म्हणतो, अरे भिशीतही पैसे असतातच की, आपल्या आया-मावश्या वर्षानुवर्षं चालवतात. असतात ना! पण भिशीत प्रत्येकीची पाळी येते. बारा जणी असतील तर बाराही जणींना रक्कम मिळते, आणि जिला नड आहे तिला आधीचा नंबर दिला जातो. इथे नऊ-दहांकडून घेऊन तिघांना द्यायचे. दोन्हीत नोटा आहेत म्हणून दोन्ही एक झाले नाहीत.

दुसरा म्हणतो, हा खेळ जन्मला तोच पैशांसकट. खरंय. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कच्या एका फ्रेंच रेस्टॉरंटच्या नावाने बेसबॉलची पहिली रोटिसरी लीग काढली, आणि पैसे तिथेही लागत. पण त्या लीगबद्दल लोक आजही सांगतात ते काय? जिंकणाऱ्याच्या डोक्यावर चॉकलेटचं पेय ओतायचे, हे. बक्षिसाची रक्कम सांगताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही.

तिसरा म्हणतो, तू फारच मनाला लावून घेतलंस, पैसे लावून सुखाने खेळणारे मित्र ढिगाने आहेत. असतील. त्यांना माझ्या शुभेच्छा. अनोळखी लोकांच्या लीगमध्ये तर पैसे समजूही शकतो, तिथे दुसरं बांधून ठेवणारं काही नसतंच. माझा राग पैसे लावण्यावर नाही. "त्याशिवाय कोणी मनावर घेत नाही" या वाक्यावर आहे. कारण ते मित्रांबद्दल बोललं जातंय. मित्राचा शब्द, मित्राचा फोन, मित्राने आपली वाट बघणं, हे सगळं मिळून शंभर डॉलर भरत नाही असं ते वाक्य म्हणतं. आणि आपण ते व्यवहारी शहाणपण म्हणून मान डोलावून ऐकतो.

ऐकतो, कारण आजूबाजूला सगळीकडून तेच ओरडून सांगितलं जातंय. कॅनडात एकेका सामन्यावर पैज लावणं ऑगस्ट २०२१ मध्ये कायदेशीर झालं. ४ एप्रिल २०२२ ला आँटेरिओने हा बाजार खासगी कंपन्यांना उघडला. त्यानंतर सामना बघणं म्हणजे मध्यंतरात जाहिरात, जाहिरातीनंतर आज कोणाला काय भाव, आणि मधे जमलं तर हॉकी. खुद्द वेन ग्रेट्झ्की आणि कॉनर मॅकडेव्हिड एका जाहिरातीत एकत्र होते. शेवटी नियामकालाच नियम करावा लागला. २८ फेब्रुवारी २०२४ पासून आँटेरिओत आजी-माजी खेळाडूंना अशा जाहिरातींत मनाई आहे, जपून खेळा असं सांगण्यापुरतीच सूट. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ऑटवाच्या शेन पिंटोला पैजांशी संबंधित प्रकरणात लीगने ४१ सामने, म्हणजे अर्धा मोसम, घरी बसवलं होतं. सगळं वातावरण मुलांना एकच शिकवतंय, की काही लावलेलं नसेल तर बघण्यात अर्थ नाही.

आणि आत्या, तुझ्या पेपरातल्या बातमीत हेच होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने जो कायदा केला त्याने खेळावर बंदी घातलेली नाही. पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळावर घातली आहे. म्हणून ड्रीम इलेव्हनने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून ते नाव उतरलं. कायदा बरा की वाईट यावर शहाण्यांनी बोलावं. मला त्यातली रेघ तेवढी ओळखीची वाटली. ती मी माझ्या बेसमेंटमध्ये आधीच ओढली होती, एक मित्र गमावल्यावर.

मग पैशाशिवाय चालतं कसं? नुसती टीका करून पळून जाणाऱ्यांतला मी नाही, तेव्हा सांगतो. २०१६ मध्ये मी पाटलाच्या घरी गेलो, नऊ पानं त्याच्यासमोर फाडली, चहा प्यालो. नवे नियम दोघांनी मिळून लिहिले. पुन्हा एका कागदावर.

सौद्यांवर व्हेटो नाही. कितीही वेडा सौदा असो, होणार. अट एकच, दोघांनी ड्राफ्टच्या वेळी किंवा फोनवर बाकीच्यांची टिंगल सहन करायची.

तळाच्या चौघांसाठी खालची पंगत. मार्चमध्ये वरचे सहा डब्यासाठी खेळतात आणि खालचे चार आपसात. खालच्या पंगतीत जो जिंकेल त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड. ही काय चीज आहे ते हॉकीवाल्यांना सांगायला नको. २०२२-२३ मध्ये मॅकडेव्हिडचे १५३ गुण होते आणि दुसऱ्या नंबरावरच्या ड्रायसायटलचे १२८. पहिली निवड म्हणजे हा एवढा फरक. त्यामुळे आमच्याकडे मार्चमध्ये सगळ्यात चुरशीची मारामारी सातव्या आणि दहाव्यात चालते. जो साफ शेवटचा, त्याच्या घरी पुढचा ड्राफ्ट आणि जेवण.

कमिशनरची पाळी. दर वर्षी नवा. शिव्या वाटून घ्याव्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्याने दहा दिवस संघ मांडला नाही तर त्याला ताकीद नाही, दंड नाही. कमिशनरने फोन करायचा. मेसेज नाही, फोन.

जानेवारी २०१९ मध्ये गोठलेल्या गोखल्यांचा संघ असाच दहा दिवस पडून होता. आधीचे नियम असते तर दोन ताकिदी आणि जप्ती. मी फोन केला. मागे दवाखान्याचा आवाज. तो साताऱ्यात होता, आई अतिदक्षता विभागात. घाईत निघाला होता, इथे कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला दोन लहान मुलं घेऊन बर्फ काढावा लागत होता, आणि आम्ही दहा मिनिटांवर राहणारे ढिम्म.

त्या दिवसापासून बर्फ काढायला कोणी ना कोणी जाऊ लागलं. आणि त्याचा संघ आम्ही पाळी लावून सांभाळला, दर आठवड्याला एक जण. ज्याचा सामना त्याच्याशी असेल त्यानेही प्रामाणिकपणे मांडायचा, स्वतःविरुद्ध. (कॉड आणि ठेचा त्या आठवड्यात स्वतःकडूनच हरला. अजून सांगत फिरतो.) आई गेली. मार्चमध्ये तो परत आला तेव्हा त्याचा संघ चौथा होता, त्याने स्वतः कधी न मिळवलेला नंबर. तो म्हणाला, "रात्री बाकड्यावर बसून बघायचो, आज माझी टीम कोणी मांडली असेल."

आता मला सांगा, हे कोणत्या शंभर डॉलरने करून घेतलं असतं?

बक्षीस? आहे की. स्टीलचा गोल डबा, पुण्याच्या भांड्यांच्या दुकानातून आणलेला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं दर वर्षीच्या विजेत्याचं नाव आणि साल त्यावर घालतो. दर वर्षी कोणीतरी भारतात जातंच, तो घालून आणतो. एकदा सुरक्षा तपासणीत तो उघडायला लावला होता. आत चकल्या होत्या.

तर, मेल करणाऱ्या मित्रा, हे माझं उत्तर. ठराव तू मांडलास, मत सगळ्यांनी दिलं, तीन विरुद्ध सात. तू तरीही खेळतोयस याचा मला आनंद आहे. (मनावर घेतोस म्हणायचं!)

२०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती आणि मोसम ७ ला सुरू होणार होता. ड्राफ्ट त्याच रात्री झाला, गोखल्यांकडे, मसाला दुधावर. २०२४ मध्ये एक जागा रिकामी झाली तेव्हापासून आमच्यात एक नवा गडी आहे. पाटलाचा मुलगा. आता एकवीस वर्षांचा, बापापेक्षा उंच, आणि बापाविरुद्ध खेळतो. सतराव्या फेरीत, चांगली नावं संपल्यावर, त्याने स्टॅमकोसला घेतलं. तो आता पस्तिशीचा, टँपा सोडून २०२४ मध्ये नॅशव्हिलला गेलेला. सगळे हसले. पाटील माझ्याकडे बघून म्हणाला, "काय कमिशनर, रद्द करणार का?"

या वर्षीचा कमिशनर मी नाही. पण सांगितलं, नाही करणार.

ता. क. आत्या, पोलीस आलेले नाहीत. डबा सध्या पाटलाकडे आहे. नाव घालायला जागा संपत आली आहे. पुढच्या खेपेला त्याच मापाचा दुसरा बघून ठेवशील का?